आदत खोंड आणि सैल दावं

२०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस चिखलीच्या जाधववाडीत बैलगाडा शर्यती भरल्या. बक्षिसांत जेसीबी यंत्र होतं, त्याची चर्चा झाली. घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, कुणी किती सेकंदांत मारला, त्याचीही झाली. पण कुठल्याही शर्यतीच्या मैदानावर गर्दीच्या कडेला टेम्पोतून उतरवून बांधलेली जनावरं असतात, तिकडे कुणी फारसं बघत नाही. कर्णे, धुरळा, हलगी, हजारो अनोळखी माणसं, आणि या सगळ्यात एखादा बैल कान सैल सोडून रवंथ करत उभा असतो. मला विचाराल तर मैदानावरची सगळ्यात अवघड गोष्ट तीच. धावणं खिल्लार जातीच्या बैलाच्या अंगातच असतं. असं उभं राहणं मात्र त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं, आणि त्या शिकवणीची सुरुवात तो कमरेएवढा गोऱ्हा असताना, म्होरकीच्या एका दोरीनं झालेली असते.

या प्रकरणात त्या दोरीबद्दल बोलायचं आहे. गोऱ्ह्याला पहिल्यांदा म्होरकी घातल्यापासून तो प्रदर्शनात परीक्षकासमोर चारही पाय नीट टेकवून उभा राहीपर्यंत काय काय घडावं लागतं, आणि ते चिखलीसारख्या गावात आज मुद्दाम का घडवावं लागतं, हा विषय आहे.

चिखली देहू आणि आळंदीच्या मधल्या पट्ट्यातलं, इंद्रायणीच्या काठचं गाव. जुन्या माणसांच्या तोंडी ते टाळगाव चिखली. तुकाराम महाराजांच्या टाळकऱ्यांत मल्हारपंत चिखलीकर होते. १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. टाटा मोटर्सचा मोटारींचा कारखाना इथं आहे, तळवडे आणि भोसरीचे औद्योगिक पट्टे हाकेच्या अंतरावर आहेत. कुदळवाडीत भंगाराची शेकडो गोदामं उभी राहिली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं ती पाडलीही. शेतजमिनीवर इमारती आल्या, गायरानं गेली, नांगर ट्रॅक्टरकडे गेला. तरीही गावठाणातल्या बऱ्याच घरांनी बैल सोडला नाही. शेतीच्या कामाला नसला तरी तो घाटासाठी हवा असतो, पोळ्याच्या मिरवणुकीसाठी हवा असतो, पालखीच्या रथाला आपली जोडी लागावी ही आस असते, आणि जातिवंत खोंड असेल तर प्रदर्शनात त्याला फेटा बांधला जावा असं वाटतं.

इथं एक बदल झाला, तो सहज नजरेत भरत नाही. बैल शेतात राबत होता तेव्हा त्याला शिकवायला वेगळा वेळ काढावा लागत नसे. गोऱ्हा आईच्या मागं रानात जायचा, येता-जाता माणसं अंगाला हात लावायची, पाण्यावर न्यायला दावं लागायचंच. वय झालं की त्याला पोक्त बैलाच्या जोडीला जुंपायचे आणि निम्मी शिकवणी तो पोक्त बैलच द्यायचा. आज चिखलीतला गोऱ्हा पत्र्याच्या शेडमध्ये, दोन भिंतींच्या मधे वाढतो. वैरण गव्हाणीत येते, पाणी बादलीत येतं. दावणीवरून सुटायचं काही कारणच पडत नाही. वर्षभरात तो माणसापेक्षा जड होतो आणि जग मात्र त्यानं काहीच पाहिलेलं नसतं. अशा खोंडाला एकदम पोळ्याच्या दिवशी ढोल-ताशात बाहेर काढला तर तो बुजणारच. दोष त्याच्या रक्ताला दिला जातो, 'जात तापट आहे' म्हणतात. मला ते पटत नाही. कामातून आपोआप मिळणारं शिक्षण थांबलं आणि त्याच्या जागी दुसरं काही दिलं नाही, हे खरं कारण आहे.

खिल्लार चपळ आणि सावध आहे, हे मात्र कबूल करायलाच हवं. सोलापूर, सातारा, सांगली या कोरड्या पट्ट्यातली ही जात; आटपाडी महाल, म्हसवड, तापीकाठची थिल्लारी आणि नकली असे तिचे प्रकार मानतात. लांब निमुळतं तोंड, मुळाशी जवळजवळ असलेली आणि मागं जाऊन वर वळणारी शिंगं, लहान टोकदार कान, आवळ कातडी. जन्मलेल्या वासराच्या डोक्यावर तांबूस छटा असते, ती काही महिन्यांत जाते. मैलोन् मैल झपाट्यानं चालावं म्हणून पिढ्यान् पिढ्या निवडलेलं हे जनावर आहे. त्याला झटकन वळता येतं आणि झटकन घाबरताही येतं. पूर्ण वाढलेला बैल साडेचारशे-पाचशे किलोंपर्यंत भरतो. अशा जनावराला माणूस ताकदीनं धरून ठेवू शकत नाही, दोघं धरू शकत नाहीत, चौघंही नाहीत. तो धरला जातो तो एका समजुतीवर: दोरी ताणली की तिच्या दिशेनं जायचं, म्हणजे ती सैल होते. ही समजूत तो ऐंशी-शंभर किलोंचा असताना मनात रुजली तर जन्मभर पुरते.

म्हणून वय महत्त्वाचं. गोठ्यातलं वय वर्षांत मोजत नाहीत, दातांत मोजतात. दुधाचे दात शाबूत असलेला तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन दात पडून कायमचे येतात, मग तो दोनदाती. पुढं चारदाती, सहादाती, आणि चार-साडेचार वर्षांपर्यंत आठही दात आले की जुळला. प्रदर्शनातले आणि शर्यतीतले गट याच हिशेबानं पाडतात. दाव्याचं शिक्षण मात्र आदत वयाच्याही सुरुवातीला, दोन-चार महिन्यांचं वासरू असतानाच सुरू व्हावं. एक पथ्य पाळायचं: ज्या आठवड्यात आईपासून तोडलं त्याच आठवड्यात म्होरकी घालायची नाही. दोन धक्के एकदम बसले की दुसऱ्याची भीती कायमची चिकटते.

खोंड जग कसं बघतो हे समजल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात चालणं आहे. गाईबैलांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यांना जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त थेट पाठीमागचा एक पट्टा दिसत नाही. नेमकं समोरचं आणि पायाजवळचं अंतर त्यांना नीट जोखता येत नाही, त्यासाठी मान खाली घालून थांबावं लागतं. म्हणून रस्त्यावरचा पांढरा पट्टा, गटाराची जाळी, साचलेल्या पाण्यातली चकाकी यांच्यापुढं खोंड अडतो. आपण म्हणतो हट्टी आहे; तो बिचारा खड्डा आहे की सावली, हे बघत असतो. अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी आयुष्यभर हेच निरखलं. लोंबणारी साखळी, कुंपणावर फडफडणारं कापड, उजेडातून एकदम अंधारात जाणारा दरवाजा, असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी जनावर कसं बिथरतं, ते त्यांनी दाखवून दिलं. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य हद्द असते, तिच्या आत अनोळखी माणूस शिरला की ते दूर सरतं, हेही त्यांच्या मांडणीतलं एक मुख्य सूत्र. आपले जुने गुराखी हे न लिहिता जाणत होते. अनोळखी बैलाकडे ते कधी थेट समोरून वा थेट मागून गेले नाहीत. खांद्याच्या अंगानं, तोंडानं आवाज देत गेले.

कानांची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याला ऐकू येतात त्याच्या कितीतरी वरचे, बारीक तीक्ष्ण आवाज गुरांना ऐकू येतात; माणसाची मर्यादा वीस किलोहर्ट्झच्या आसपास, त्यांची पस्तीसच्या. लोखंडावर लोखंड घासल्याचा, एअरब्रेक सुटल्याचा, कटरचा आवाज आपल्याला नुसता कर्कश वाटतो, त्यांना तो जास्तच झोंबत असणार. चाकण-तळवडे पट्ट्यात हे आवाज दिवसरात्र आहेत. त्यातून पळवाट नाही, म्हणून सवय लावणं हाच मार्ग. आणि ती लांबून जवळ, हळू ते मोठा अशीच लागते.

आता म्होरकीकडे. वासराला वेसण नसते. डोक्यामागून, गालांवरून आणि नाकाच्या हाडावरून जाणारी ही साधी दोरीची गुंफण. नाकावरचा पट्टा डोळ्यांच्या खाली, हाडावर बसायला हवा. तो घसरून खाली मऊ भागावर आला तर दोरी ताणल्यावर श्वास कोंडतो, कारण गुरं मुख्यत्वे नाकानंच श्वास घेतात. श्वास कोंडलेलं जनावर शिकत नाही, जीव वाचवायला धडपडतं, आणि तेच त्याच्या ध्यानात राहतं. दोरी सुताची, अंगठ्याएवढी जाड, हाताला मऊ लागणारी. नायलॉन स्वस्त आणि टिकाऊ असतं, पण ते कानामागची कातडी सोलतं आणि धरणाऱ्याचा तळवाही भाजतं. सुताच्या दोरीत एकच खोट: भिजली की गाठ आवळते. म्हणून बांधताना गाठ अशी मारायची की मोकळं टोक ओढताच ती सुटावी. खोंड पडला, पाय अडकला, तर सुरी शोधायला वेळ नसतो. आणि दावं कधीही मनगटाला किंवा पंजाला गुंडाळून धरायचं नाही. या एका चुकीनं लोकांची बोटं गेली आहेत, माणसं फरफटली आहेत.

पहिले काही दिवस म्होरकी नुसती घालून ठेवायची, काही वेळानं काढायची. वासरू डोकं झटकतं, पायानं खाजवतं, भिंतीला घासतं. घासू द्यावं. मग बांधणं. खांब पक्का हवा. तो हलला की वासराला कळतं की जोर लावला तर जग हलतं. दावं त्याच्या डोक्याच्या उंचीवर, हातभर सैल. लांब दावं दिसायला दयाळू वाटतं, पण त्यात पुढचा पाय अडकतो. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं पुरेत आणि तेवढा वेळ माणूस शेजारी हवाच. वासरू ओढेल, आडवं होईल, हंबरेल. आपण काही करायचं नाही, नुसतं तिथं असायचं. ओढून ओढून दमल्यावर ते अर्धं पाऊल पुढं येतं आणि दोरी सैल पडते. हा पहिला धडा खांबानं दिलेला असतो आणि खांबाचा त्याला राग येत नाही.

बांधलेल्या जनावराच्या अंगावरून ब्रश फिरवणं हा शिक्षणाचाच भाग आहे, सजावटीचा नाही. गुरं एकमेकांना मानेवर, वशिंडाच्या आसपास, गळ्याच्या पोळीवर चाटतात. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी गाईंच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी हात फिरवून पाहिला, तेव्हा मानेच्या खालच्या बाजूला कुरवाळल्यावर त्या मान सर्वांत जास्त लांब करतात आणि कान ढिले सोडतात असं दिसलं. तीच जागा आपल्याकडची बायामाणसं सकाळी पाणी पाजताना सहज खाजवतात. खोंडाच्या कपाळावर मात्र हात चोळू नये. पोरं कौतुकानं कपाळाला कपाळ लावतात, ढकलाढकली करतात. वासरू तेव्हा खेळतंय असं वाटतं, पण ते डोक्यानं माणसाला रेटायला शिकतंय. दोन वर्षांनी त्याच कपाळावर हातभर शिंगं असतात.

चालवण्याचा पाठ सगळ्यांत रंगतो आणि सगळ्यांत जास्त लोक इथंच चुकतात. समोर उभं राहून दावं सरळ ओढायचं, ही माणसाची स्वाभाविक पद्धत. खोंड चार पाय रोवतो, मान लांब करतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. मागून कुणीतरी शेपूट पिरगाळतं. खोंड उडी मारतो, आपण म्हणतो निघाला. तो निघालेला नसतो, पळालेला असतो.

बाजूनं करून बघा. खोंडाच्या खांद्याजवळ उभं राहायचं, तोंड तो जिकडं बघतोय तिकडंच. दावं हनुवटीपासून वीतभर अंतरावर धरायचं आणि थोडं आपल्या अंगाला, तिरपं ताणायचं. झटका द्यायचा नाही. एकसारखा ताण धरून थांबायचं. तिरप्या ताणानं त्याचा तोल एका पायावरून दुसऱ्यावर जातो आणि तोल सावरायला पुढचा एक पाय उचलावाच लागतो. तो खूर वीतभर पुढं टेकतो न टेकतो त्याच क्षणी हात सोडायचा, दावं लोंबू द्यायचं, तोंडानं चुचकारायचं. पुष्कळदा या वेळी खोंड जीभ बाहेर काढून नाकपुडी चाटतो, कान बाजूला पडतात. एवढ्या पावलावर थांबलं तरी चालेल. मग पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूला. शिकवण ताणात नसते, ती ढील मिळण्याच्या त्या क्षणात असते. ढील उशिरा दिली तर खोंडाला कळतच नाही की कशाबद्दल मिळाली. हात जलद सैल करणारा पोरगा पैलवान गड्यापेक्षा चांगला खोंड घडवतो, कारण ओढाओढीची ताकद त्याच्याकडे नसतेच आणि त्याला ढिलेवर विसंबून राहावं लागतं.

पाऊल पडायला लागलं की त्याला जायला ठिकाण द्यावं. शेडपासून पाण्याच्या हौदापर्यंत आणि परत. वैरण टाकण्याआधी ही फेरी केली तर परतीला ओढावं लागत नाही. दहा मिनिटं रोज, ही रविवारी तासभर केलेल्या मेहनतीपेक्षा कितीतरी भारी पडते. पाठ नेहमी जमलेल्या गोष्टीवर संपवायचा. खोंडानं झटका मारून दावं सोडवलं आणि त्यावर आपण त्या दिवसाचं आटोपतं घेतलं, तर त्या दिवशी तो सुटायला शिकला.

मग रस्ता. चिखलीत हा टप्पा टाळता येत नाही. पहाटे, वर्दळ सुरू व्हायच्या आत, बरोबर एक शांत मोठा बैल किंवा गाय घेऊन निघालेलं बरं. पोक्त जनावर डंपरकडे ढुंकूनही पाहत नाही, हे खोंड बघत असतो. आधी बंद उभ्या ट्रकजवळून, मग चालू इंजिनाच्या ट्रकजवळून, मग जाणाऱ्या ट्रकपासून लांब कडेनं. बुजला तर ओढून पुढं न्यायचं नाही, थांबून बघू द्यायचं. मान खाली घालून त्यानं ती वस्तू हुंगली की काम झालं. गोठ्यात दिवसभर रेडिओ लावून ठेवणारे लोक आहेत. अनोळखी माणसांचे आवाज कानावर पडत राहतात, हा त्याचा फायदा. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर खूर झिजतात, म्हणून मोठ्या बैलांना पत्री मारतात. कोवळ्या खोंडाला मातीची कडेची पट्टी शोधून चालवणं उत्तम.

खोंड दीड-दोन वर्षांचा झाला की वेसणीचा प्रश्न येतो. नाकाच्या दोन पुड्यांमधला कूर्चेपुढचा पातळ पडदा टोचून त्यातून दोरी घालतात. ही जागा अतिशय नाजूक, मज्जातंतूंनी भरलेली. हलक्या इशाऱ्यालाही जनावर उत्तर देतं ते यामुळेच, आणि निष्काळजी हातात तीच यातना होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात वेसण घालणं विहित पद्धतीनं केलं तर गुन्हा मानलेलं नाही. ते पशुवैद्याकडून, स्वच्छ हत्यारानं करून घ्यावं. जखम भरेपर्यंत त्या दोरीला हात लावायचा नाही, सगळं म्होरकीवर चालवायचं. इथंच आधीच्या वर्षभराच्या शिक्षणाची कसोटी लागते. म्होरकीवर नीट चालणारा खोंड वेसण घातल्यावरही म्होरकीवरच चालतो, आणि वेसण अडीनडीला हाताशी असते. म्होरकीचं शिक्षण न झालेल्या खोंडाच्या बाबतीत सगळा भार पहिल्या दिवसापासून नाकावर येतो. सुजलेली, फाटलेली नाकं बाजारात दिसतात ती अशांची. चाकणच्या शनिवारच्या बाजारात खोंड घ्यायला जाणाऱ्यानं दात बघावेत, खूर बघावेत, पण नाकही जरूर बघावं. त्या खोंडाला आतापर्यंत कुणी कसं वागवलं, ते तिथं दिसतं.

घाटाचा कायदा या सगळ्याशी जोडलेला आहे. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं बैल प्रदर्शन आणि खेळांसाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूसह बैलांच्या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्रानं २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशानं, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. २०१४ साली दोन वर्षांचा असलेला खोंड घाट पुन्हा सुरू होईपर्यंत नऊ वर्षांचा झाला होता. बैलांची एक अख्खी पिढी मैदान न बघता उतरली आणि पोरांचीही एक पिढी शिकवायची राहिली. न्यायालयांपुढं जे मांडलं गेलं, त्यातलं बरंच खरं होतं. शेपट्या चावणं, खिळे टोचणं, विजेचे झटके हे प्रकार होत होते. आताच्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, हजार मीटरांची कमाल मर्यादा आहे. काठी, चाबूक, टोचणी, झटका यांना बंदी आहे. मला हे नियम बैलगाडा मालकांच्या हिताचे वाटतात. टोचणी हातातून गेल्यावर उरतं ते फक्त शिकवलेलं जनावर. लहानपणी दाव्यावर घडलेला खोंड गाड्याला जुंपताना आडवा होत नाही, आणि बारी संपल्यावर त्याला पकडायला दहाजणांना धावावं लागत नाही.

प्रदर्शनाचं रिंगण याहून शांत, पण तिथली परीक्षा कडक. खरसुंडी, आटपाडी, पुसेगाव, कार्तिकीला पंढरपूर इथल्या यात्रांत खिल्लारांचे मोठे बाजार भरतात, काही ठिकाणी त्यांना जोडून प्रदर्शनंही होतात. अकोले तालुक्यातल्या राजूरचं प्रदर्शन डांगी जनावरांसाठी ओळखलं जातं. तिथं कातडीवर हात फिरवून बोटांना तेलकटपणा लागतो का, ते बघतात, कारण डांगीच्या अंगातून स्रवणारं तेल सह्याद्रीच्या मुसळधार पावसातही पाणी ठरू देत नाही. लंडनमध्ये १७९८ साली स्थापन झालेल्या स्मिथफील्ड क्लबच्या प्रदर्शनांपासून पाश्चात्त्य जगात ही परंपरा वाढली. तिथं खोंड धरणारा डाव्या बाजूला असतो आणि हातातल्या लांब काठीनं त्याचा पाय अलगद जागेवर सरकवतो, मधेच पोटाखाली खाजवून शांत करतो. अमेरिकेतल्या मुलांच्या फोर-एच मंडळांत तर जनावर कसं आहे याच्याबरोबर मुलानं ते कसं हाताळलं यालाही वेगळं बक्षीस असतं. आपल्याकडे हे बक्षीस सुरू व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. शिंगांच्या कमानीला फेटा मिळतो, ती कमान आईबापांकडून आलेली असते. वर्षभर पहाटे उठून दावं धरणाऱ्या पोराला काहीच मिळत नाही.

रिंगणात खोंडाला तीन गोष्टी यायला हव्यात. चालताना सैल दाव्यावर, मान सहज वर ठेवून चालणं. थांबल्यावर चारही पाय चौकोनात टेकून, पाठ सरळ ठेवून उभं राहणं. आणि अनोळखी माणसाला अंगाला, खुरांना, तोंडाला हात लावू देणं. तिसरी बहुतेक जण विसरतात. परीक्षक गट तपासताना खालचा ओठ ओढून दात बघणारच. ज्याच्या तोंडाला कधी कुणी हात लावला नाही, तो खोंड तिथं डोकं उडवतो, शिंग लागतं, गोंधळ होतो. यासाठी घरी रोज ब्रश फिरवून झाल्यावर एका हातानं म्होरकीचा गालाचा पट्टा धरावा, दुसऱ्या हाताचा अंगठा खालच्या ओठाच्या कडेला ठेवावा आणि क्षणभरच ओठ खाली करून सोडावा. पुढं शेजाऱ्याला, मग पाहुण्याला करायला सांगावं. तसंच पाय उचलणं, तसंच शेपटीचा गोंडा हातात घेणं.

उभं राहण्याचा सराव सपाट जागेवर करावा. मागचा एखादा पाय मागं राहिला तर दावं किंचित पुढं ताणून वजन सरकवायचं आणि पाय पुढं आला की लगेच ढील. जमिनीचा उतार असेल तर पुढचे पाय चढाकडे ठेवावेत, पाठ खचलेली दिसत नाही. पाच मिनिटं हलू न देता उभं करणं ही मोठी मजल आहे. वर्षाच्या खोंडाकडून त्याहून जास्त मागू नये.

सजावटीबद्दल थोडक्यात, कारण ती सगळ्यांना येते. अंघोळ, शिंगं साळून तेलाचा हात, घुंगरमाळ, झूल, माथ्यावर गोंडे. एवढंच सांगावंसं वाटतं की घुंगरमाळ आणि झूल आठ-पंधरा दिवस आधी घालून फिरवावं, ऐन दिवशी नको. पोटाशी हलणारी झूल खोंडाला पाठीवर काहीतरी चढल्यासारखी वाटते. शेवटच्या आठवड्यात अंगावर तेज यावं म्हणून सरकी-पेंड एकदम वाढवण्याचा मोह होतो. त्यानं रवंथ बिघडतो, पोट फुगतं आणि खोंड सुस्त दिसतो. भाद्रपदी अमावास्येचा पोळा या पट्ट्यातल्या अनेक गावांत होतो आणि प्रदर्शनं बहुधा त्यानंतर थंडीत. पोळ्याची मिरवणूक म्हणूनच चांगली रंगीत तालीम ठरते, फक्त खोंडाला ढोलांपासून लांब, मिरवणुकीच्या शेपटाला ठेवावं.

पालखी रथाच्या बैलांचं उदाहरण इथं मुद्दाम घ्यावंसं वाटतं. देहूहून निघणाऱ्या तुकाराम महाराजांच्या पालखीची परंपरा १६८५ पासूनची. रथाला जोडी निवडताना ताकद, रंग, शिंगं बघतातच, पण लाखोंच्या गर्दीत, टाळमृदंगात, पाया पडायला येणाऱ्यांचे हात अंगावर घेत दिवसचे दिवस चालायचं असतं. आदत वयापासून माणसांच्या हातांची सवय नसलेला बैल हे करूच शकत नाही, मग तो कितीही देखणा असो.

प्रवासाची सवयही घरीच लावता येते. उभ्या टेम्पोत फळीवरून चढवायचं, आत थोडी वैरण खाऊ घालायची, उतरवायचं. गाडी सुरू न करता असं काही वेळा केलं की प्रदर्शनाच्या पहाटे झोंबाझोंबी होत नाही. टेम्पोच्या तळाला माती किंवा भुसा पसरावा, पत्र्यावर खूर घसरतात. कानातला बारा अंकी बिल्ला आणि लसीकरणाची नोंद बरोबर हवी. २०२२ च्या सप्टेंबरात लंपी त्वचारोगानं राज्यातले जनावरांचे बाजार बंद पाडले, वाहतुकीवर बंदी आली, तेव्हापासून या नोंदी अधिक कडकपणे बघतात, आणि बघायलाच हव्यात.

मैदानावर दुसऱ्याच्या बादलीतलं पाणी पाजायचं नाही, दुसऱ्याची दोरी किंवा ब्रश वापरायचा नाही. परत आल्यावर खोंडाला दोन-तीन आठवडे बाकीच्या जनावरांपासून लांब बांधावं, रोज नाक, तोंड, खुरांमधली जागा आणि अंगावरच्या गाठी बघाव्यात, आणि त्याची वैरण घरातल्या इतर जनावरांच्या नंतर टाकावी. या दिवसांत त्याची दहा मिनिटांची फेरी मात्र चुकवू नये. पुढच्या हंगामात मधले दोन दात पडले की तो दोनदातींच्या गटात, त्याच्याहून मोठ्या खोंडांच्या शेजारी उभा राहणार असतो.